डावीकडचा खालचा कोपरा

दाजींना दाजी म्हणायचा हक्क नात्याने जगात एकाच माणसाला होता, आणि तो म्हणजे त्यांचा मेहुणा. पण तो हक्क गल्लीने केव्हाच लुटून नेला होता. आई-वडील गेल्यावर हा मेहुणा लहानपणीच बहिणीच्या घरी राहायला आला आणि खिडकीतून "दाजी, ओ दाजी" अशा आरोळ्या ठोकू लागला. बघता बघता किराणावाला, भंगारवाला, एवढंच काय, वयाने कितीतरी मोठ्या शेजारीणबाईसुद्धा त्यांना दाजी म्हणायला लागल्या. बायकोचंही तेच झालं. ती एका भावाची ताई होती, ती साऱ्या गल्लीची ताई होऊन बसली. घरातल्या दोन मोठ्या माणसांची नावं अशी एका पोराने ठेवलेली होती. त्या दोघांना पोटचं मूल झालं नाही. झालं असतं तर त्याने वेगळी नावं ठेवली असती, एवढाच काय तो फरक.

दाजींचा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून त्यांची खोली होती. भिंतीला तराजूचे दांडे टांगलेले, खिळ्यांना पारडी अडकवलेली, एका कोपऱ्यात लहानसं लेथ मशीन, आणि कपाटात फडक्यात गुंडाळलेली पितळी वजनं. या वजनांना दाजी उघड्या हाताने शिवत नसत, कारण बोटाचा घामही काहीतरी वजनाचा असतो. आकडे दाखवणारे नवे काटे आले तेव्हा दाजी तेही दुरुस्त करायला शिकले, पण नाक मुरडून. "हा काटा बोलतो फार," असं त्यांचं त्यावर मत होतं. धंद्यातला त्यांचा एकच नियम होता आणि तो ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. काटा कलला तर हात एकाच पारड्याला लावायचा. दोन्ही पारड्यांना एकदम हात लावणारा माणूस कारागीर नव्हे, जादूगार, आणि जादूगाराने दुरुस्त केलेला काटा पुन्हा माझ्याकडे आणू नका.

मेहुणा मोठा झाला आणि त्याने वळणावर चष्म्याचं दुकान टाकलं. राहायचा दुकानाच्या माडीवर, पण रात्रीचं जेवण बहिणीकडे. लग्नाचा विषय निघाला की त्याला नेमकं एखादं गिऱ्हाईक आठवायचं. वाकडं काही दिसलं की त्याच्या जिवाला घोर लागायचा. रस्त्यात अनोळखी माणसाच्या नाकावर चष्मा तिरका दिसला तर हा त्याला थांबवून सरळ करून द्यायचा. दाजी परक्याच्या घरी गेले की पाणी पिण्याआधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे. असे दोन वाकड्यांचे वैरी एका घरात जेवत होते आणि तरी इतकी वर्षं तिथे शांतता होती, हे सगळं ताईचं कसब.

मग मेहुण्याला जुन्या बाजारात एक भलंमोठं भिंग मिळालं. त्याने ते उराशी धरून आणलं. दाजींनी त्याला नळी केली, नळीच्या मागे पुढेमागे सरकणारा गळा केला, गळ्याला बारीक रेघा आखलेली फिरकी लावली. मेहुण्याने आकाशाचे फोटो काढायचा कॅमेरा घेतला आणि त्या गळ्याला मागून जोडला. गच्चीत दुर्बीण उभी राहिली. ताईच्या वाळत घातलेल्या चादरी खाली अंगणात गेल्या. दोन पुरुष संध्याकाळी डोळ्यांसमोर असतात, हे तिला चादरींपेक्षा मोलाचं वाटलं.

पहिला खरा फोटो एका तारकागुच्छाचा निघाला. मोठ्या कागदावर छापून आणला तेव्हा तिघंही हरखून गेले. काळ्या कागदावर टाचणीने टोचल्यासारखे तारे! ताईने दोघांची दृष्टसुद्धा काढली असती, पण तेवढ्यात दाजींनी खिशातून आपलं छोटं भिंग काढलं. बाजारातला नवा काटा आला की दाजी तो ज्या नजरेने बघायचे, त्याच नजरेने त्यांनी फोटो एका कडेपासून तपासायला घेतला. खालच्या डाव्या कोपऱ्याशी येऊन ते थांबले.

"इथे तारे नाहीत," ते म्हणाले. "इथे जिरं सांडलंय."

खरंच होतं. सगळीकडे गोल असलेले तारे त्या एका कोपऱ्यात लांबट आणि पुसट झाले होते. कारण दोघांनाही लगेच कळलं. कॅमेऱ्याच्या पोटात नखाएवढा सेन्सर असतो आणि त्याच्यावर ताऱ्यांचा प्रकाश पडतो. तो सेन्सर भिंगाच्या अगदी समोरासमोर हवा. केसभर जरी कलला तरी त्याचा एक कोपरा पुढे नाहीतर मागे पडतो, आणि तिथले तारे फिसकटतात. किती कललाय तेही त्यांनी त्याच संध्याकाळी गच्चीत पाहून ठेवलं. फिरकी बरोबर एक रेघ फिरवली की तो कोपरा स्वच्छ व्हायचा आणि बाकीचा फोटो बिघडायचा. म्हणजे दोष एका रेघेचा. प्रश्न एवढाच होता की कललंय काय, कॅमेऱ्यातला सेन्सर की दाजींनी केलेला गळा?

"दाजी, राग नका मानू," मेहुणा म्हणाला, "पण गळा कललाय तुमचा."

या वाक्याची सुरुवात ऐकून आजवर कोणीही राग मानायचा राहिलेला नाही.

"माझा गळा लेथवर केलाय. तुझा कॅमेरा वाकडा आहे."

"कॅमेरा कारखान्यातून आलाय."

"आला सरळ. मग तू तो उघडलास. आत धुळीचा कण होता ना? पुसून परत बसवलास ना?"

मेहुण्याचे कान लाल झाले. "रोज काचा बसवतो मी. आयुष्य गेलं त्यात."

"चष्म्याच्या बसवतोस. नाक काहीही चालवून घेतं."

खरं म्हणजे निवाडा करायला वकील लागत नव्हता. कॅमेरा गळ्यात सैल करायचा, अर्धा फिरवायचा आणि पुन्हा एक फोटो काढायचा. जिरं फोटोच्या त्याच कोपऱ्यात राहिलं तर दोष कॅमेऱ्याचा, समोरच्या कोपऱ्यात गेलं तर गळ्याचा. ही युक्ती दोघांनाही ठाऊक होती. "मग फिरवून बघ ना," दाजी म्हणाले. "तुम्हीच फिरवा," मेहुणा म्हणाला. दोघांचे हात खिशातच राहिले. तेवढ्यात ढग आले, आणि ढग आल्याचा इतका आनंद कुठल्याही आकाशवेड्याला झाला नसेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोर दोन होते, आणि चांदण्याच्या नावाने दोघांचीही बोंब होती.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण जिना उतरता उतरता मेहुणा बोलून गेला, "बटाटे तोलायच्या काट्यावर तारे तोलायला निघालं की असंच व्हायचं." दाजी पायरीवर थांबले. भिंतीला सरकून त्यांनी त्याला जायला वाट करून दिली, आणि तेच वाईट झालं. मेहुण्याने वर जाऊन कॅमेरा काढला, पिशवीत घातला आणि वाढलेल्या ताटाकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. ताई सवयीने तीन ताटं मांडायची आणि मग एक उचलून ठेवायची, जरा जास्तच आवाज करून. दाजी जेवायचे, पण घास तोलून खाल्ल्यासारखे. दिवसभर गल्ली त्यांना दाजी, दाजी करून हाका मारायची आणि दर हाकेला त्यांची मान रस्त्याकडे वळायची. किराणावाला निघायचा, भंगारवाला निघायचा. ज्याने ते नाव ठेवलं तो मात्र हाक मारत नव्हता, आणि मग बाकीच्यांच्या तोंडी ते नाव मागून आणल्यासारखं वाटायचं. दाजींना त्याची आठवण येत होती. सरळ सांगायचं तर ते झुरत होते. पण हे बोलायचं कसं? काट्यावर ठेवायची वस्तू असती तर एव्हाना ठेवली असती.

ताईने काही दिवस वाट पाहिली. "नाचता येईना, अंगण वाकडं," एवढंच एकदा ती स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाली. ते कोणाला म्हणाली हे दाजींनी विचारलं नाही. मग एका सकाळी तिने त्या फोटोच्या दोन प्रती काढल्या आणि दोन चौकटींत बसवल्या. एक दाजींच्या खोलीत, त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर टांगली. दुसरी भावाच्या दुकानात नेऊन आरशाशेजारी टांगली.

"हा फोटो इथे राहणार," तिने दोन्हीकडे एकच सांगितलं. "सगळे कोपरे नीट असलेला दुसरा मिळेपर्यंत. खिळा मी ठोकलाय, काढायचा तर मला विचारून काढायचा."

त्या दिवसापासून दोन्ही धंद्यांना ग्रहण लागलं. चष्म्याच्या दुकानात माणूस नवा चष्मा घालून बघायचा, तो नेमका समोरच्या फोटोकडे. "यातून खाली डावीकडे पुसट दिसतंय हो," असं म्हणून चष्मा काढून ठेवायचा. मेहुणा काच बदलायचा, तरी पुसटच. एका म्हातारबुवांनी पाच चष्मे घालून बघितले आणि शेवटी म्हणाले, "माझ्या डोळ्यांचंच काही खरं नाही," आणि काठी टेकत घरी गेले. त्यांच्या मागे चप्पल न घालता धावत जाऊन मेहुण्याला सांगावं लागलं, की आजोबा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, फोटो वाकडा आहे. "मग असला फोटो लावता कशाला दुकानात?" म्हातारबुवांनी विचारलं.

इकडे किराणावाला आपला काटा घ्यायला आला आणि फोटोकडे बघत राहिला. "दाजी, हे तुम्हीच केलेल्या दुर्बिणीतून ना?"

"हो."

"कोपरा गेलाय."

"दिसतोय मला."

किराणावाल्याने आपला काटा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "नाही, म्हटलं हा नीट आहे ना बघावं," तो म्हणाला. दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून गेलेला काटा कोणी त्यांच्यादेखत पुन्हा तपासला नव्हता.

पण किराणावाल्यावर दाजींना चिडताही येईना, कारण मनात एक गोष्ट कधीची सलत होती. गळ्याचं मागचं कडं लेथवर चढवलेलं असताना हाच किराणावाला दारात येऊन ओरडत होता, की गिऱ्हाईकं खोळंबलीत, माझा काटा आधी बघा. दाजींनी अर्धवट झालेलं कडं लेथवरून उतरवलं, त्याचा काटा बघितला आणि मग कडं पुन्हा चढवलं. अर्ध्यातून उतरवलेली वस्तू पुन्हा लेथवर अगदी तशीच बसत नाही, हे नवशिक्यालाही कळतं. दाजींनाही कळत होतं. पण तेव्हा संध्याकाळ झाली होती, मेहुणा जिन्यावरून "झालं का?" विचारत होता, आणि "झालं" म्हणायचा मोह दाजींना आवरला नाही.

एका दुपारी ताई बाहेर गेलेली बघून दाजींनी खोलीचं दार लोटून घेतलं. गळा सोडवला. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला आणि तेलाच्या दगडावर घासत बसले. घासायचा, मोजायचा, पुन्हा घासायचा. बरोबर एका रेघेचा दोष निघेल एवढी पातळ चकती झाली तेव्हा ती कड्याच्या एका कडेखाली सरकवली आणि तिन्ही स्क्रू आवळले. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. आता फोटो सरळ येईल. मग मेहुणा विचारेल, हे कसं झालं? त्याचंही उत्तर दाजींनी तयार करून ठेवलं. "त्या दिवशी हवाच खराब होती," असं म्हणायचं. कॅमेराही सुटला, गळाही सुटला, हवा काही भांडायला येत नाही. दाजींनी ते वाक्य दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं आणि त्यांना कित्येक दिवसांनी भूक लागली.

ताईने शेवटी निरोप धाडला. रविवारी अंधार पडला की गच्चीत. ज्याला यायचं नसेल त्याच्या दुकानात फोटो कायमचा.

मेहुणा आला. पिशवी छातीशी, नजर जमिनीकडे. ताईकडे बघून हसला, दाजींना "बरे आहात ना?" म्हणाला. दाजी "ठीक" म्हणाले. कॅमेरा जोडताना नेहमीसारखी वायर खाली लोंबत ठेवली. तारकागुच्छ तोच घेतला. यंत्र आपलं काम करत असताना दोघं कठड्याशी दोन टोकांना उभे राहिले आणि ताई मधे खुर्ची टाकून बसली.

बराच वेळ गेल्यावर मेहुणा खाकरला. "दाजी, मी काय म्हणतो, त्या दिवशी हवाच खराब होती बहुतेक."

दाजी चपापले. हे वाक्य त्यांचं होतं. दार लोटून, घोकून तयार केलेलं. "असेल," ते कसेबसे म्हणाले.

फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर आला तशी तिघांची डोकी त्याच्यावर वाकली. खालचा डावा कोपरा! एकेक तारा टाचणीच्या टोकासारखा. दाजींच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, मेहुण्याच्याही पसरलं, आणि दोघांनी एकमेकांकडे अशा मायेने बघितलं, की प्रत्येकाला वाटलं आपण समोरच्यावर केवढे उपकार केलेत आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही.

"छान झालंय," ताई म्हणाली. "पण हे वर काय सांडलंय?"

वरच्या उजव्या कोपऱ्यात जिरं होतं. तेवढंच आणि तसंच, फक्त समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसलेलं.

"शक्यच नाही," मेहुणा पुटपुटला. "स्क्रू बरोबर एक रेघ..." आणि त्याने जीभ चावली.

"एक रेघ?" दाजी म्हणाले. "एक रेघ तर मी पत्रा घालून..."

आता दाजींनी जीभ चावली. खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पत्रा?" मेहुण्याने विचारलं.

"स्क्रू?" दाजींनी विचारलं.

मग एकेक बाहेर आलं. कॅमेऱ्याच्या तोंडाशी सेन्सरचा कल काढायला बारीक स्क्रू असतात. दुकानाचं दार लावून मेहुणा डोळ्याला भिंग लावून त्यांच्याशी झटत बसला होता. कारण धूळ पुसून सेन्सर परत बसवताना एक स्क्रू नीट बसला नव्हता, गिऱ्हाईक आलं होतं, आणि त्याने तो तसाच आवळला होता. त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दाजींनी कड्याची हकीकत सांगितली. किराणावाल्याचं नाव निघालं तेव्हा ताईने कपाळावर हात मारला. दोष एक रेघ होता, आणि दोघांनी चोरून एकेक रेघ काढली होती. काटा सरळ होऊन पलीकडे तेवढाच कलला होता.

"बटाट्यांचं मी बोलायला नको होतं," मेहुणा म्हणाला.

"नाकाचं मीही," दाजी म्हणाले. "तुझ्यावाचून घर खायला उठतं रे."

ताईने पदराने डोळे पुसले आणि तिला वाटलं, संपलं एकदाचं. पण हे दोघं कसले!

"आता सोपं आहे," दाजी म्हणाले. "तू तुझे स्क्रू होते तसे कर. माझा पत्रा राहू दे. दोष गळ्याचाच होता."

"छे, छे. तुम्ही पत्रा काढा. दोष कॅमेऱ्याचा होता, मला माहीत आहे ना!"

"तुला काय माहीत? कडं मी उतरवलं होतं."

"स्क्रू मी वाकडा आवळला होता!"

"मोठ्यांचं ऐकायला शीक जरा."

"मोठे म्हणून काय सगळा दोष तुम्हीच घ्यायचा?"

आवाज इतका चढला की समोरच्या शेजारीणबाईंनी खिडकी उघडली आणि विचारलं, "दाजी, आता काय झालं?" हा म्हणतो चूक माझी, तो म्हणतो चूक माझी, आणि दोघंही हमरीतुमरीवर आलेले. असं भांडण त्या बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी खिडकी उघडीच ठेवली.

"पुरे!" ताई उठली. "अहो, तुम्ही पत्रा अर्धा करा. आणि तू स्क्रू अर्धे मागे घे. अर्धं याचं, अर्धं त्याचं. चला."

"अगं, पण दोन्ही पारड्यांना एकदम हात लावत नसतात," दाजी कळवळून म्हणाले.

"तो लावून झालाय तुमचा."

दाजी खाली जाऊन तेलाच्या दगडावर पत्रा अर्धा होईपर्यंत घासत बसले. मेहुणा शेजारी दिव्याखाली स्क्रू फिरवत बसला. ताईने जेवण गरम केलं आणि तीन ताटं मांडली. त्यातलं एकही उचलून ठेवावं लागलं नाही. जेवून तिघं वर गेले आणि पुन्हा फोटो काढला. दाजींनी चारही कोपरे भिंगाने तपासले, मग मेहुण्याने तपासले, मग ताईने त्या दोघांना बाजूला सारून स्वतः तपासले. कुठेही जिरं नव्हतं.

मेहुणा सवयीने कॅमेरा फिरवून काढायला गेला तोच दाजी ओरडले, "थांब! फिरवू नकोस!" मग त्यांनी समजावून सांगितलं. आता गळ्याचा कल होता तेवढाच गेलाय असं नाही आणि कॅमेऱ्याचाही नाही. यात जे कमी आहे ते त्यात जास्त आहे. दोन्ही वेगवेगळे केले तर दोन्ही वाकडे. या एकाच जागी एकमेकांत बसले तरच सरळ. तेव्हा जागा चुकायला नको. ताई खाली जाऊन नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेऊन आली आणि अर्धा गळ्यावर, अर्धा कॅमेऱ्यावर, असा एक ठिपका दिला.

जुने दोन्ही फोटो उतरले, त्या जागी नवे लागले. मेहुण्याच्या दुकानात आता गिऱ्हाईक फोटोकडे बघून म्हणतं, "वा, काय स्वच्छ दिसतंय," आणि तो चष्म्याचं कौतुक समजून मान डोलावतो. शाळेतल्या एका मास्तरांनी आपल्या दुर्बिणीला लावायला तो कॅमेरा मागितला होता. मेहुण्याने दिला नाही. दुसऱ्या कुठे तो चालायचाच नाही. आणि दाजींच्या गळ्यालाही दुसरा कॅमेरा चालत नाही.

ठिपका सोडून कॅमेरा अर्धा फिरवला आणि एक फोटो काढला, तर मुळात कोणाचं किती वाकडं होतं ते आजही कळेल. इतकी सोपी गोष्ट त्या घरात अजून कोणी केलेली नाही. जेवायला आलेला एखादा पाहुणा मात्र सगळी हकीकत ऐकून विचारतोच, "पण मग चूक होती कोणाची?" दाजींचा आणि मेहुण्याचा हात एकदम वर जातो, आणि ताई म्हणते, "हात खाली घ्या आधी. पानं वाढलीत."